सूक्ष्मदर्शकासमोरच्या खुर्चीत कोण बसते: मार्गदर्शन आणि वैविध्य यांविषयी एक उत्तर

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. तुम्ही प्रकाशीय आणि इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकांचे एक सामायिक केंद्र सांभाळता. तिथे शिकायला येणाऱ्यांत स्त्रिया, घराण्यातले पहिलेच पदवीधर, अपंगत्व असलेले संशोधक, दुसऱ्या भाषेत वाढलेले विद्यार्थी असे सर्व प्रकारचे लोक असतात. मात्र काही वर्षांनी अवघड यंत्रे स्वतंत्रपणे चालवणारे, नव्या पद्धती विकसित करणारे आणि केंद्रप्रमुख होणारे लोक पाहिले, तर ते पुन्हा एकाच साच्यातले दिसतात. ही गळती थांबवणारी मार्गदर्शन योजना कशी आखावी, असे तुम्ही विचारले आहे.

अशी केंद्रे मी बराच काळ जवळून पाहिली आहेत, त्यामुळे माझे मत आधीच स्पष्टपणे मांडते. या क्षेत्रात कोण टिकणार हे मुख्यतः यंत्राच्या नियंत्रणांसमोर कोणाला किती वेळ बसायला मिळते यावर ठरते. त्याखालोखाल झालेल्या कामावर कोणाचे नाव लागते आणि यंत्राची खोली कोणाचे शरीर व कोणाचा दिनक्रम गृहीत धरून मांडलेली आहे, यांचा वाटा असतो. मार्गदर्शक आणि शिकाऊ यांची जोडी लावून महिन्यातून एकदा त्यांच्या भेटी घडवणारी योजना या गोष्टींना हात लावत नसेल, तर तिने शिकाऊंना थोडा धीर मिळतो, पण त्यांच्या हाती कौशल्य येत नाही.

यंत्रासमोरच्या वेळेला मी इतके महत्त्व देते याचे कारण या विद्येच्या स्वरूपात आहे. ऑगस्ट कोहलर यांनी 1893 मध्ये मांडलेली प्रदीपनाची पद्धत एका पानात वाचून होते: फील्ड डायफ्रॅम (प्रकाशाचे वर्तुळ लहानमोठे करणारी झडप) मिटवायचा, कंडेन्सर (नमुन्यावर प्रकाश एकवटणारे भिंग) वरखाली करून त्याची कडा स्पष्ट करायची, ती मध्यभागी आणायची आणि मग कंडेन्सरचा ॲपर्चर डायफ्रॅम ऑब्जेक्टिव्हला, म्हणजे नमुन्याजवळच्या भिंगाला, साजेल इतका उघडायचा. परंतु ॲपर्चर प्रमाणाबाहेर मिटल्यावर दिसणारी ठसठशीत कडा ही नमुन्याची खरी रचना आहे की विवर्तनामुळे उमटलेली किनार आहे, हे वाचून कळत नाही; त्यासाठी डोळा तयार व्हावा लागतो. कव्हरग्लास (नमुन्यावरची पातळ काच) 0.17 मिलिमीटरपेक्षा जाड निघाली तर करेक्शन कॉलर (ऑब्जेक्टिव्हवरचे जुळवणीचे कडे) किती फिरवायची, इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर ॲस्टिग्मॅटिझम (प्रतिमा एका दिशेने ताणली जाण्याचा दोष) काढताना प्रतिमेच्या फूरिये रूपांतरातील, म्हणजे तिच्यातल्या बारकाव्यांच्या गणिती चित्रातील, वलये खरोखर गोल झाली की नाहीत, क्रायो ग्रिडवरचा (गोठवलेला नमुना धरणाऱ्या बारीक जाळीवरचा) बर्फाचा थर वापरण्याजोगा आहे की टाकून द्यावा, फ्लुओरेसन्समध्ये, म्हणजे नमुन्याला लावलेला रंग प्रकाशाने चमकवून पाहताना, दिसणारी चमक लावलेल्या रंगाची आहे की पेशीची स्वतःची, हे सगळे निर्णय शेजारी बसलेल्या जाणकारासमोर, स्वतःचा हात नॉबवर ठेवून, चुकत आणि सुधारत शिकावे लागतात.

म्हणून प्रशिक्षणाच्या पहिल्या तासात माउस कोणाच्या हातात आहे ही क्षुल्लक बाब नाही. तज्ज्ञ घाईत असतात, यंत्राचा तास महाग असतो आणि शिकाऊ अडखळला की नियंत्रण आपल्याकडे घेणे तज्ज्ञाला सोयीचे वाटते. ज्याला प्रश्न विचारण्याची सवय आहे, ज्याचा स्वभाव किंवा पार्श्वभूमी तज्ज्ञासारखीच आहे, तो नियंत्रण परत मागून घेतो. जो स्वतःला इथे पाहुणा समजतो, तो आभार मानून तयार प्रतिमा घेऊन जातो. हेच पुन्हा पुन्हा घडत गेले की एक जण यंत्र जुळवणारा होतो आणि दुसरा कायम नमुने आणून देणारा राहतो. या दोघांच्या बुद्धिमत्तेत फरक होता असे म्हणायला कोणताही आधार नसतो. फरक असतो तो नियंत्रणांसमोर मिळालेल्या तासांचा.

यावर मला उपयुक्त वाटलेली रीत अशी आहे. पहिल्या सत्रात तज्ज्ञाने यंत्र चालवावे, पण प्रत्येक कृतीचे कारण मोठ्याने बोलून दाखवावे. लेझरची तीव्रता कमी का केली, हा फिल्टर का निवडला, हा भाग सोडून पलीकडचा का घेतला, हे सारे शब्दांत यावे. दुसऱ्या सत्रापासून तज्ज्ञाने नियंत्रणांना स्पर्शही करू नये आणि सूचना केवळ तोंडी द्याव्यात. त्यानंतरच्या टप्प्यावर तज्ज्ञ शेजारच्या खोलीत असावा, हाक मारली की येण्याइतका जवळ. शेवटी शिकाऊने एखाद्या नवागताला तेच यंत्र शिकवावे, कारण शिकवताना स्वतःच्या समजुतीतली भगदाडे जितकी उघडी पडतात तितकी परीक्षेतही पडत नाहीत.

याच्या जोडीला एक सराव मी आवर्जून सुचवते. यंत्र मुद्दाम बिघडवून ठेवावे: कंडेन्सर केंद्रापासून ढळलेला, कॉलर चुकीच्या आकड्यावर, ऑब्जेक्टिव्हवर वाळलेले तेल, चुकीचा फिल्टर क्यूब (प्रकाशाचे रंग वेगळे करणारा संच). शिकाऊने दोष शोधायचे आणि प्रत्येक दोष प्रतिमेत कसा दिसला ते सांगायचे. बिघाड तज्ज्ञाने घडवलेला आहे हे सर्वांना माहीत असल्यामुळे प्रतिमा खराब दिसली तरी कोणाला आपल्या लायकीविषयी शंका येत नाही. आपण चुकलो तर आपल्यासारख्या सगळ्यांचीच नालस्ती होईल अशा दडपणाखाली जो वावरतो, त्याला या मोकळेपणाची फार गरज असते. याच कारणासाठी केंद्राच्या नियमावलीत लिहून ठेवावे की प्रशिक्षणाच्या काळात यंत्राचे नुकसान झाले तर त्याची आर्थिक जबाबदारी केंद्राची आहे. उच्च प्रतीच्या ऑब्जेक्टिव्हची किंमत ऐकल्यावर नवशिक्याचा हात आखडतो, आणि ज्याची शिष्यवृत्ती तुटपुंजी आहे त्याचा सर्वांत जास्त आखडतो.

वेळ कोणाला मिळतो हे आरक्षणाच्या नोंदवहीत दिसते. दिवसाचे तास प्रभावी प्रयोगशाळांनी आधीच अडवलेले असतात आणि नवख्यांच्या वाट्याला रात्रीचे किंवा सुट्टीचे तास येतात. लहान मुले किंवा आजारी माणसे सांभाळणाऱ्यांना ते परवडत नाहीत, आणि रिकाम्या इमारतीत रात्री एकटीने काम करणे अनेक स्त्रियांना सुरक्षित वाटत नाही. दर आठवड्याला दिवसाचे काही तास केवळ प्रशिक्षणासाठी राखून ठेवा आणि त्या तासांचे शुल्क विद्यार्थ्याच्या प्रयोगशाळेकडून घेऊ नका. निधी कमी असलेल्या प्रयोगशाळेतला विद्यार्थी सराव टाळतो तो बहुधा आळसामुळे नसतो. प्रत्येक तासाचे बिल आपल्या प्रमुखाच्या टेबलावर जाणार हे त्याला ठाऊक असते.

माणसे निवडण्याच्या टप्प्यावरही असाच विचार लागतो. 2012 मध्ये कॉरिन मॉस-रॅक्युसिन आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतील 127 विज्ञान प्राध्यापकांना प्रयोगशाळा व्यवस्थापकाच्या पदासाठी एकच अर्ज पाठवला. काही प्रतींवर पुरुषाचे नाव होते, काहींवर स्त्रीचे. पुरुषाचे नाव असलेला अर्ज अधिक सक्षम ठरला, त्याला देऊ केलेला पगार अधिक होता, आणि त्याला मार्गदर्शन करण्याची तयारीही अधिक होती. असा कौल देणाऱ्यांत पुरुष आणि स्त्री प्राध्यापक दोन्ही होते. आपल्या केंद्रांतील पदे याच स्वरूपाची असल्यामुळे हा निष्कर्ष आपल्याला थेट लागू पडतो. अर्जातून आणि मुलाखतीतून जो ठसा उमटतो त्यावर विसंबण्याऐवजी सर्व उमेदवारांना तोच नमुना, तेच बिघडवलेले यंत्र आणि तेवढाच वेळ द्यावा, आणि गुण कशाला द्यायचे हे आधी लिहून ठेवावे.

अशी पारख किती दूरवर पोचते याचे उदाहरण म्हणून मला जून अल्मेडा नेहमी आठवतात. 1930 मध्ये ग्लासगोत जन्मलेल्या अल्मेडा यांनी सोळाव्या वर्षी शाळा सोडली आणि रुग्णालयाच्या प्रयोगशाळेत ऊतींचे नमुने पाहणाऱ्या तंत्रज्ञ म्हणून काम धरले. पुढे कॅनडात टोरांटोच्या ऑन्टारिओ कॅन्सर इन्स्टिट्यूटमध्ये त्या इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकावर आल्या. तिथे पदवीपेक्षा हातातले कौशल्य पाहिले गेले, आणि प्रतिपिंडांच्या साहाय्याने विषाणू एकत्र गोळा करून ते स्पष्ट दिसतील असे करण्याचे तंत्र त्यांनी विकसित केले. विषाणुतज्ज्ञ टोनी वॉटरसन यांनी त्यांना लंडनच्या सेंट थॉमस रुग्णालयात बोलावून घेतले, आणि तिथेच 1960 च्या दशकात सर्दीच्या विषाणूंवर संशोधन करणाऱ्या डेव्हिड टिरेल यांच्याकडून आलेल्या नमुन्यात त्यांनी मानवी कोरोनाव्हायरस पाहिला. त्याआधी अशाच दिसणाऱ्या कणांच्या त्यांच्या प्रतिमा इन्फ्लुएन्झाच्या खराब प्रतिमा ठरवून नाकारल्या गेल्या होत्या. पुढे लंडन विद्यापीठाने त्यांना डॉक्टर ऑफ सायन्स ही पदवी दिली.

वॉटरसन यांनी केलेल्या गोष्टीकडे नीट पाहावे. त्यांनी अल्मेडांना केवळ सल्ला दिला नाही. पद दिले, यंत्र दिले आणि त्यांच्या नावाने काम प्रसिद्ध होईल अशी परिस्थिती निर्माण केली. तुमच्या योजनेत मार्गदर्शक निवडताना हा निकष लावा: ही व्यक्ती, समोर नसलेल्या शिकाऊचे नाव निर्णयाच्या बैठकीत घेईल का? जी घेणार नाही, तिच्याशी होणाऱ्या गप्पा चांगल्या असू शकतात, पण त्यांच्यामुळे कोणाची कारकीर्द पुढे सरकत नाही.

याच्या उलट बाजूचे, आणि मला अस्वस्थ करणारे, उदाहरण अमेरिकी जीवशास्त्रज्ञ अर्नेस्ट एव्हरेट जस्ट यांचे आहे. सागरी प्राण्यांच्या अंड्यांचे फलन आणि पेशीच्या पृष्ठभागाचे वर्तन यांचा सूक्ष्मदर्शकाखाली जिवंत अवस्थेत इतका काटेकोर अभ्यास करणारे लोक त्यांच्या काळात थोडे होते. त्यांचे मार्गदर्शक फ्रँक लिली यांनी 1909 पासून त्यांना अमेरिकेतील वूड्स होल येथील सागरी जीवशास्त्र प्रयोगशाळेत स्थान दिले, आणि 1916 मध्ये शिकागो विद्यापीठातून त्यांनी पीएच.डी. मिळवली. तरीही ते कृष्णवर्णीय असल्यामुळे अमेरिकेतील एकाही मोठ्या संशोधन विद्यापीठाने त्यांना पद दिले नाही, आणि 1930 च्या दशकातला त्यांचा बराचसा काळ युरोपातील प्रयोगशाळांत गेला. मार्गदर्शक चांगला होता, शिष्य असामान्य होता, आणि तेवढे पुरले नाही. एका माणसाच्या चांगुलपणावर उभी असलेली योजना संस्थेच्या नेमणुकीच्या नियमांपाशी येऊन अडते, म्हणून तुमच्या योजनेत संस्थेच्या प्रमुखाची लेखी बांधिलकी हवी: प्रशिक्षित झालेल्यांसाठी कोणती पदे असतील, त्यांचा करार किती वर्षांचा असेल आणि बढतीची वाट कोणती असेल.

आता श्रेयाकडे वळते. सूक्ष्मदर्शन केंद्रातील तज्ज्ञाने प्रयोगाची आखणी बदललेली असते, प्रतिमा घेतलेल्या असतात, विश्लेषणाचा मार्ग दाखवलेला असतो, आणि शोधनिबंधाच्या शेवटी आभाराच्या ओळीत त्याचे नाव येते, कधी तेही येत नाही. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांच्या आंतरराष्ट्रीय समितीने लेखकत्वासाठी चार अटी घातल्या आहेत. त्यांतली पहिली अट, म्हणजे आखणीत किंवा माहिती मिळवण्यात, तिच्या विश्लेषणात अथवा अर्थ लावण्यात भरीव वाटा, केंद्रातील तज्ज्ञ अनेकदा पूर्ण करतात. पुढच्या अटी मसुद्यात सहभाग, अंतिम मान्यता आणि जबाबदारी यांच्या आहेत, आणि तिथे ते गळतात, कारण मसुदा त्यांच्याकडे पाठवलाच जात नाही. पहिली अट पूर्ण करणाऱ्याला मसुद्यात सहभागी होण्याची संधी दिली पाहिजे, असे त्याच नियमावलीत स्पष्ट म्हटले आहे. हे वाक्य छापून केंद्राच्या भिंतीवर लावायला हरकत नाही. त्याहून चांगले म्हणजे प्रकल्प सुरू होताना एका पानाचा लेखी समझोता करावा: कोण काय करणार, कोणत्या टप्प्यावर लेखकत्वाची चर्चा पुन्हा होणार, आणि योगदानाच्या 14 भूमिका मोजणाऱ्या क्रेडिट वर्गीकरणात कोणाच्या नावापुढे काय लिहिले जाणार. हा कागद सर्वांसाठी सक्तीचा असावा. तो ऐच्छिक ठेवला तर ज्यांना मागण्याचे धाडस आहे तेच तो मागतील.

श्रेय मिळूनही पद नसेल तर माणूस टिकत नाही. अमेरिकी शास्त्रज्ञ डग्लस प्रॅशर यांनी जेलीफिशमधील हिरव्या प्रकाशमान प्रथिनाचे जनुक वेगळे करून 1992 मध्ये ते प्रसिद्ध केले, आणि निधी संपल्यावर त्याचे नमुने इतर संशोधकांना उदारपणे पाठवले. त्या प्रथिनावरील कामासाठी 2008 चे नोबेल पारितोषिक जाहीर झाले तेव्हा ते एका मोटारविक्रेत्याकडे वाहनचालक म्हणून काम करत होते. केंद्रातील तज्ज्ञांच्या स्थैर्याकडे अलीकडे थोडे लक्ष दिले जाऊ लागले आहे. ब्रिटनमध्ये 2017 मध्ये तंत्रज्ञांच्या कारकिर्दीसाठी सुरू झालेला टेक्निशियन कमिटमेंट हा उपक्रम, किंवा चॅन झुकरबर्ग इनिशिएटिव्ह या देणगीदार संस्थेने 2019 पासून केंद्रांतील प्रतिमातज्ज्ञांच्या पदांना दिलेला थेट निधी, ही त्याची उदाहरणे आहेत. तरी बहुतेक ठिकाणी हे लोक एकेका वर्षाच्या करारावरच असतात, आणि ज्यांच्यामागे घरची आर्थिक पुंजी नाही ते सर्वांत आधी बाहेर पडतात.

खोलीविषयी तुम्ही विचारले नव्हते, परंतु तो विषय सोडता येत नाही. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शनाच्या नमुन्यांसाठी ऑस्मियम टेट्रॉक्साइड, ग्लुटराल्डिहाइड, युरेनिल ॲसिटेट आणि आर्सेनिकयुक्त कॅकोडायलेट ही विषारी रसायने वापरली जातात. गर्भवती असलेल्या किंवा होऊ इच्छिणाऱ्या स्त्रीला यांच्याबद्दल बोलायचे तर आपली खाजगी गोष्ट वरिष्ठाला सांगावी लागते, आणि ती टाळण्यासाठी अनेक जणी एक तर धोका पत्करतात किंवा काम सोडतात. यावर सोपा तोडगा आहे: पर्यायी कार्यपद्धती आधीच लिहून प्रत्येक नवागताला, स्त्री असो वा पुरुष, पहिल्याच दिवशी द्यावी. बऱ्याच नमुन्यांसाठी कॅकोडायलेटऐवजी फॉस्फेट किंवा पाइप्स बफर (आम्लता स्थिर ठेवणारे द्रावण) चालते, युरेनियमऐवजी लँथनाइड गटातील क्षारांवर आधारित रंजक मिळतात, आणि ऑस्मियमचा टप्पा सहकाऱ्याने करून देण्याची नेमून दिलेली व्यवस्था ठेवता येते. असे झाले म्हणजे कोणालाही काही जाहीर न करता सुरक्षित मार्ग निवडता येतो.

रंगांचेही तसेच आहे. उत्तर युरोपीय वंशाच्या पुरुषांत सुमारे 8 टक्के आणि स्त्रियांत सुमारे 0.5 टक्के लोकांना लाल आणि हिरवा यांतला भेद नीट कळत नाही. इतर समाजांत हे प्रमाण वेगळे असते, पण शून्य कुठेच नसते. तरीही दोन वाहिन्यांच्या (दोन वेगळ्या चमकत्या रंगांच्या) प्रतिमा सर्रास लाल-हिरव्या रंगात दाखवल्या जातात. किरमिजी आणि हिरवा ही जोडी वापरणे आणि प्रत्येक वाहिनी स्वतंत्रपणे करड्या छटांत दाखवणे यासाठी काहीच खर्च येत नाही, आणि करड्या छटांत बारकावे सगळ्यांनाच अधिक चांगले दिसतात. टेबलाची उंची बदलता यावी, आयपीसऐवजी पडद्यावर पाहता यावे, व्हीलचेअर यंत्रापर्यंत जावी आणि संगणकावरील नियंत्रणे दुसऱ्या खोलीतून किंवा घरून चालवता यावीत. क्रायो सूक्ष्मदर्शकांवर प्रतिमा घेण्याचे काम आता अनेक दिवस सलग स्वयंचलितपणे चालते. उणे 196 अंश सेल्सियसच्या द्रव नायट्रोजनमधून ग्रिड चढवण्याचे काम कोणा दुसऱ्याने केले तरी प्रयोगाचे डोके त्याचेच राहते जो तो चालवतो, आणि हे श्रेयाच्या कागदावरही तसेच लिहिले गेले पाहिजे.

जोड्या लावताना शिकाऊला आपल्यासारखाच मार्गदर्शक हवा का, हा प्रश्न वारंवार येतो. आपल्या वाटेने आधी गेलेल्या माणसाशी बोलण्याने मोठा आधार मिळतो, हे मी अनेकांच्या बाबतीत पाहिले आहे. पण अशी माणसे वरच्या पदांवर मोजकीच असतात, आणि सगळ्यांचे मार्गदर्शन त्यांच्यावर टाकले तर त्यांचे स्वतःचे संशोधन मागे पडते. एका शिकाऊला एकापेक्षा अधिक मार्गदर्शक असावेत: एक यंत्र शिकवणारा, एक कारकिर्दीच्या निर्णयांत साथ देणारा आणि एक त्याच्या मूल्यमापनाशी काहीही संबंध नसलेला. अमेरिकेच्या राष्ट्रीय अकादमींच्या 2019 च्या अहवालातही मार्गदर्शन हे शिकता येणारे कौशल्य असल्याचे मांडून अशा जाळ्याचा पुरस्कार केला आहे. मार्गदर्शकांना प्रशिक्षण द्या, या कामाचे तास त्यांच्या वार्षिक मूल्यमापनात धरा, आणि कोणतेही कारण न देता मार्गदर्शक बदलण्याची मुभा दोन्ही बाजूंना ठेवा.

आणखी एक गट तुमच्या केंद्राच्या भिंतीबाहेर आहे. ज्या विद्यापीठांत एकही कॉन्फोकल (लेझरने नमुन्याचे पातळ थर टिपणारा सूक्ष्मदर्शक) नाही, तिथल्या संशोधकांसाठी आपण आठवड्याभराची कार्यशाळा घेतो. ते परत जातात आणि शिकलेले वापरायला यंत्र नसते. वेन रॅस्बँड यांचे इमेजजे हे प्रतिमा-विश्लेषणाचे सॉफ्टवेअर 1997 पासून मोफत उपलब्ध आहे, एक डॉलरपेक्षा कमी साहित्यात बनणारा फोल्डस्कोप हा कागदी घडीचा सूक्ष्मदर्शक 2014 पासून लोकांसमोर आहे, आणि यांनी दार उघडले हे खरे. पण कारकीर्द घडायला चांगल्या यंत्राकडे पुन्हा पुन्हा येता आले पाहिजे. केप टाउन विद्यापीठात आफ्रिका मायक्रोस्कोपी इनिशिएटिव्हने उभारलेले केंद्र खंडभरच्या संशोधकांना खुले आहे, ही मला योग्य दिशा वाटते. तुम्ही कार्यशाळा घेत असाल तर सहभागींना स्वतःचे नमुने आणू द्या, नंतरचे काही महिने त्यांच्यासाठी दूरस्थ वेळ राखून ठेवा, आणि विश्लेषणात मदत करणारा एक माणूस नावानिशी नेमून द्या.

शेवटी मोजमापाविषयी. किती जोड्या लावल्या आणि किती भेटी झाल्या हे आकडे गोळा करणे सोपे असते, म्हणून सगळे तेच करतात. त्याऐवजी मागच्या दोन वर्षांच्या आरक्षण नोंदी काढा आणि पाहा: प्रशिक्षण सुरू केलेल्यांपैकी कोण स्वतंत्र वापरकर्ते झाले, कोणाला त्यासाठी किती महिने लागले, दिवसाचे तास कोणाला मिळाले, आणि कोणाच्या प्रतिमा प्रसिद्ध होऊनही नाव आले नाही. गट लहान असतील तर हे आकडे जाहीर करू नका, कारण त्यातून व्यक्ती ओळखू येतात. केंद्राची समिती आणि संस्थेचा प्रमुख यांच्यापुढे मात्र ठेवा.

सोडून गेलेल्यांची गणना करताना एक भेद जरूर करा. यंत्रनिर्मात्या कंपनीत उपयोजन तज्ज्ञ म्हणून, रोगनिदान प्रयोगशाळेत, अर्धवाहक उद्योगातील दोषविश्लेषणात किंवा पेटंटच्या कामात गेलेला माणूस सूक्ष्मदर्शनातून गेलेला नाही, आणि मार्गदर्शकाने या वाटा तितक्याच आदराने दाखवल्या पाहिजेत. बाकीच्यांना, सोडल्यानंतर काही महिन्यांनी, शिफारसपत्राची गरज संपल्यावर, केंद्राशी संबंध नसलेल्या व्यक्तीकरवी विचारा की शेवटचे स्वतंत्र सत्र त्यांनी केव्हा घेतले होते आणि त्यानंतर ते पुन्हा यंत्रावर का बसले नाहीत. योजनेचा पहिला मसुदा तुम्ही या उत्तरांवरून लिहावा, असे मी सुचवेन.